पिस्टनखालच्या तेलधारेची कुळकथा

इंजिनातल्या स्फोटाची सगळी धग आधी पिस्टनच्या माथ्यावर पडते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. हा धातू वितळतो ६६० अंश सेल्सिअसला, पण त्याची ताकद ३०० अंशांच्या आसपासच झपाट्याने ओसरते. म्हणून मोठ्या डिझेल इंजिनांत पिस्टनला खालून तेलाने गार ठेवण्याची रीत पडली.

मोटारींच्या जगात ही रीत नावारूपाला आणण्यात पोर्शे ९११चा वाटा मोठा. हान्स मेझगर यांनी घडवलेले तिचे सहा सिलिंडरचे इंजिन हवेवर थंड होणारे. पाणी नाही, त्यामुळे उष्णता वाहून नेण्याचे बरेच काम तेलावर. १९६४मध्ये दोन लिटरचे, १३० अश्वशक्तीचे असलेले हे इंजिन वाढत गेले आणि १९७१च्या मॉडेलपासून क्रँककेसमध्ये प्रत्येक पिस्टनखाली तेलाचा जेट बसला. १९८५मध्ये सुझुकीच्या एत्सुओ योकोउची यांनी जीएसएक्स-आर ७५० या मोटारसायकलीत हीच युक्ती वापरली.

पोर्शेच्या जेटमध्ये एक बारीक गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. इंजिन आयडलिंगला असताना तेलाचा दाब कमी असतो. तेव्हाही धार चालू राहिली तर बेअरिंग उपाशी राहतील. म्हणून दाब साधारण ३ बारपर्यंत चढल्यावरच गोळी सरकते आणि धार सुटते.

इंजिन खोलल्यावर करायची परीक्षा याच रचनेतून आली आहे. मेन बेअरिंगच्या बैठकीतल्या तेलाच्या भोकात बारीक नळी घट्ट धरून सॉल्व्हंट दाबाने सोडायचे. धार सरळ, एकसंध आणि सहाही जागी सारखी हवी. ती फाटली किंवा तिरकी गेली, तर तोंडाशी कचरा आहे. दाब काढल्यावरही गळत राहिली, तर गोळी अडकली आहे. मग सॉल्व्हंटमध्ये भिजवून, हवा मारून पुन्हा तपासायचे. तोंडात तार खुपसायची नाही. भोक ओरखडले की धारेची दिशा बिघडते.

क्रँककेसला बीड ब्लास्टिंग (काचेचे बारीक मणी मारून सफाई) केले असेल किंवा आधीचे बेअरिंग झिजून गेले असेल, तर ही तपासणी दोनदा करा. काचेचा एक कण किंवा धातूचा कीस एवढ्यानेही जेट बंद पडतो, आणि बंद जेट बाहेरून दिसत नाही. आजच्या टर्बो डिझेल गाड्यांतही असे जेट असतात. आपले इंजिन कामाला दिले असेल, तर क्रँककेस जोडण्याआधी मेकॅनिककडे ही धार बघायला मागा.