कर्क, कर्कर आणि चुना

मॅमोग्राफीच्या रिपोर्टातले ‘मायक्रोकॅल्सिफिकेशन’ वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीपर्यंत पोचेतो त्याचे ‘छातीत चुना साचला’ असे होत असावे. मग बाईचा प्रश्न साहजिक: म्या तं पानबी खात नाई, मंग चुना आला कुठून? हे स्तनात साचलेले कॅल्शियमचे सूक्ष्म कण; खाल्लेल्या चुन्याशी किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांशी त्यांचा संबंध नाही, हे तिला आधी सांगावे. बहुतेक कण निरुपद्रवी असतात, हेही. शब्दांची चौकशी त्यानंतर.

चुना म्हणजे मुळात नुसती भुकटी. संस्कृत ‘चूर्ण’, प्राकृत ‘चुण्ण’. कन्नड ‘सुण्ण’ आणि तेलुगू ‘सुन्नमु’ त्याच घरचे दिसतात. संस्कृतात चुन्याला ‘सुधा’ही म्हणत, अमृताचेच नाव, तिचा लेप दिलेला वाडा तो ‘सौध’. (आपला ‘गिलावा’ मात्र फारसी ‘गिल’ म्हणजे मातीतून आलेला.) लॅटिन ‘काल्क्स’ खड्याकडून चुन्याकडे आला असावा. त्यावरून 1808 मध्ये हम्फ्री डेव्हीने कॅल्शियमचे नाव घडवले. ‘काल्क्स’चेच लघुरूप ‘कॅल्क्युलस’. गणितात ते कलन झाले, वैद्यकात मुतखडा.

कर्करोगातला ‘कर्क’ खेकडा. ग्रीक ‘कार्किनोस’, लॅटिन ‘कॅन्सर’, अरबी-फारसी वैद्यकातला ‘सरतान’, सगळे खेकडेच. मराठी शब्द अलीकडची घडण असावी, कारण सुश्रुताचा शब्द ‘अर्बुद’. पण संस्कृत कोशात ‘कर्क’च्या शेजारी ‘कर्कर’ बसला आहे आणि तिथून माझा पाय निघत नाही. त्याचे अर्थ: कठीण, खडा, चुनखडी, आणि हाडसुद्धा! आपला ‘कंकर’ त्याचाच वंशज. ‘कर्क’ आणि ‘कर्कर’ दोन्हींच्या मुळाशी कठीणपणा असावा. खेकड्याचे कवच आठवावे.

आता प्रयोगशाळेकडे पाहा. स्तनातले कण मुख्यतः दोन जातींचे. कॅल्शियम ऑक्झलेटचे प्रायः निरुपद्रवी गाठींत सापडतात. हायड्रॉक्सिॲपेटाइटचे कर्करोगात अधिक. आणि हायड्रॉक्सिॲपेटाइट हेच हाडाचे खनिज! रोममधल्या संशोधकांना अशा कणांपाशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागणाऱ्या स्तनपेशी दिसल्या. रोग पुढे हाडात जाईल याची ती पूर्वखूण असावी, असा त्यांचा तर्क. रोजच्या तपासणीत तो अजून उतरलेला नाही. स्टीफन पॅजेटने 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 जणींच्या नोंदी तपासून ‘बी आणि जमीन’ (कर्कपेशी हे बी, अवयव ही जमीन) हा विचार मांडला, तेव्हा हाडाची जमीन या बीला मानवते, एवढेच दिसले होते. इथे तर बीच आधी हाडाची लक्षणे घेते, असे दिसते.

रोगाच्या एका अवयवातून दुसऱ्यात जाण्याच्या या प्रवासाला, म्हणजे ‘मेटास्टॅसिस’ला, सुश्रुताचा ‘अध्यर्बुद’ सुचवला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही. त्यातला ‘अधि’ आधीच्या गाठीवर उठलेली दुसरी गाठ सांगतो. स्तनापासून मणक्यापर्यंतचे अंतर त्यात मावत नाही. ‘स्टॅसिस’ आपल्या ‘स्था’ धातूचाच भाऊ, तेव्हा ‘स्थानांतर’ बरा. राहिले हाड. ‘अस्थि’ला ग्रीक ‘ऑस्टिऑन’ आणि फारसी ‘उस्तुख्वान’ अशी भावंडे आहेत. ‘हाड’ मात्र प्राकृत ‘हड्ड’पाशी येऊन थांबते आणि जुने कोशकार त्याला देशी म्हणतात. त्याला ओढूनताणून ‘अस्थि’शी जोडण्यापेक्षा देशीच मानावे, असे मला वाटते.