इन मेमोरियम : छंद, यमक आणि रचना

इंग्रज कवी आल्फ्रेड टेनिसन (१८०९–१८९२) याची मित्राच्या मृत्यूवरील दीर्घ विलापिका. प्रकाशन १८५०, कवीच्या नावाविना. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात जमलेला जिवलग मित्र आर्थर हेन्री हॅलम १८३३ मध्ये व्हिएन्नात अचानक वारला. तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि टेनिसनच्या बहिणीशी त्याचे लग्न ठरलेले होते. त्या वर्षापासून सुमारे १७ वर्षे हे काव्य तुकड्यातुकड्यांनी लिहिले गेले.

छंद : चार चरणांचे कडवे, दर चरणात आठ अक्षरे. एक अक्षर आघाताविना, पुढचे आघाताचे, अशा चार जोड्या. अनुष्टुभाप्रमाणे कडव्यात बत्तीसच अक्षरे भरतात. पण अनुष्टुभात लघु-गुरू मोजतात, इथे आघात.

हा ठेका कवी मुद्दाम मोडतोही. सातव्या भागात तो पहाटेच्या पावसात मित्राच्या दारापुढे उभा आहे. शेवटच्या ओळीतले सगळे शब्द एकाक्षरी आहेत, ‘ब’ तीनदा येतो, आघात एकमेकांवर आदळतात आणि चाल अडखळते.

यमक : क-ख-ख-क. मधल्या दोन चरणांचे यमक लगेच जुळते. पहिल्याचे मात्र चौथ्यापर्यंत लांबते. आपल्या मोठ्या अभंगातही दुसरा आणि तिसरा चरण यमकाने बांधलेले असतात, पण चौथा आखूड चरण मोकळा सुटतो. टेनिसनचा चौथा चरण पहिल्याकडे परततो. काही कडव्यांत तिसरी आणि चौथी ओळ अदलाबदल करून वाचली तरी अर्थ टिकतो. यमक मात्र क-ख-क-ख होते आणि कडवे पुढे धावू लागते. पुन्हापुन्हा आठवणीकडे वळणाऱ्या शोकाला मूळची मांडणीच शोभते.

रचना : प्रास्ताविक, १३१ भाग आणि उपसंहार. सातवा भाग जेमतेम १२ ओळींचा, तर ८५ वा १२० ओळींचा. मधे येणारे तीन नाताळ काळाचे टप्पे दाखवतात. उपसंहारात कवीच्या दुसऱ्या बहिणीचे लग्न आहे.

हे कडवे आपणच घडवले, असा टेनिसनचा समज होता. प्रत्यक्षात बेन जॉन्सन आणि चेरबरीचा लॉर्ड हर्बर्ट यांनी ते सतराव्या शतकातच वापरले होते. तरी इंग्रजी छंदःशास्त्रात ते ‘इन मेमोरियम कडवे’ म्हणूनच ओळखले जाते.