हिरवी भिंत आणि पांढरी भिंत

खोलीच्या भिंतींना कोणता रंग द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभिरुचीचा वाटतो. परंतु एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हिरवा की पांढरा, या निवडीत घरातील माणसांचे आरोग्य गुंतलेले होते आणि त्याची त्यांना दीर्घकाळ कल्पनाही नव्हती.

१७७५ मध्ये स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ कार्ल शीले याने तांबे व सोमल यांच्या संयोगातून एक तेजस्वी हिरवा रंग सिद्ध केला. १८१४ च्या सुमारास जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून टिकाऊ हिरवा रंग तयार होऊ लागला. पाहता पाहता दिवाणखान्यांच्या भिंतींवरील छापील कागद या रंगांनी नटले.

याच्या उलट चुन्याची सफेदी. ती साध्या, गरीब घरांची खूण. १८३२ च्या पटकीच्या साथीत दाट वस्त्यांतील घरांना चुना फासण्यात आला, तेव्हा पांढऱ्या भिंतीशी रोगाची आठवणही जडली. तथापि ओल्या चुन्याचा तीव्र क्षार जंतूंचा नाश करतो, आणि वाळताना तोच चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुनखडीचा कठीण थर बनतो.

हिरवी भिंत मात्र जुनी होऊ लागली की तिची विषारी भुकटी खोलीत झडे आणि श्वासावाटे वा अन्नावाटे शरीरात जाई. दमट कागदावरील बुरशी या रंगापासून सोमलयुक्त वायू निर्माण करते, हेही इटलीच्या बार्तोलोमिओ गोझिओ यांनी शतकाच्या अखेरच्या दशकात दाखविले. डॉक्टरांचे इशारे पुष्कळांना अतिरंजित वाटले. प्रख्यात कलावंत विल्यम मॉरिस यांनाही ते पटले नाहीत. त्यांच्या आरंभीच्या कागदांत सोमलाचा हिरवा रंग होता, आणि सोमल काढणाऱ्या डेव्हनमधील एका खाणीचे ते भागधारक व काही काळ संचालकही होते. अखेर गिऱ्हाइकेच धास्तावली, तेव्हा कारखानदार आपला कागद सोमलविरहित असल्याची जाहिरात करू लागले.

म्हणून पांढरा तेवढा निर्दोष, असे मात्र नव्हे. त्याच काळी दारे-खिडक्यांना लागणारा पांढरा तैलरंग शिशाच्या सफेद्यापासून बनत असे, आणि शिसेही विषच. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. रंगाची छटा डोळ्यांना दिसते. त्यातील द्रव्य मात्र विचारूनच घ्यावे लागते.