पाण्याखालचे सूर

कावेरीच्या फाट्यांमधले पापनाशम समुद्रापासून दूर. पण ज्या तंजावरच्या मराठी राज्यात ते मोडत होते, त्याची दृष्टी सागराकडेही होती. दुसऱ्या सरफोजी राजांनी पाल्कच्या सामुद्रधुनीकाठी १८१४-१५ च्या सुमारास बांधलेला मनोरा आजही तेथे उभा आहे. याच समुद्रापलीकडे, श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बट्टिकलोआच्या खारकच्छात रात्री पाण्यातून सूर उठतात, अशी जुनी वार्ता आहे. १८४८ साली इमर्सन टेनंट यांनी होडीतून ते ऐकले. ओल्या बोटाने काचेच्या पेल्याची कड घासावी, तसा तो नाद! तमिळ कोळ्यांनी शंखशिंपल्यांकडे बोट दाखवले आणि टेनंटही त्या मताकडे झुकले. लोकांत मात्र ‘गाणारे मासे’ हेच नाव रूढ झाले.

मत्स्यपक्षही दुबळा नाही. कित्येक मासे वाताशयालगतचे स्नायू कंपवून आवाज काढतात. बंगालच्या उपसागराच्या नैर्ऋत्य भागात तेरापॉन माशांचा समूहस्वर जलध्वनिग्राहकांनी टिपला आहे. खरी अडचण श्रोत्याची आहे. पाण्यात ध्वनी हवेच्या सुमारे साडेचारपट वेगाने धावतो, त्यामुळे बुडी मारलेल्याच्या दोन्ही कानांवर तो जवळजवळ एकाच क्षणी येतो आणि दिशा हरवते.

यंत्रांनाही चकवा बसतोच. १९९७ साली प्रशांत महासागरात नोंदलेल्या ‘ब्लूप’ या प्रचंड ध्वनीमागे कोणी अज्ञात महाकाय प्राणी कल्पिला. पुढे तो अंटार्क्टिक हिम भंगण्याचा आवाज ठरला. १९९१ पासूनच्या ‘अपस्वीप’चा संशय ज्वालामुखीवर आहे. बट्टिकलोआच्या गायकाचे नाव मात्र अद्याप ठरायचे आहे.