आधी औषध, मग कारण: हाशिमोटोच्या आजाराची गोष्ट

आजचा विषय आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात रोज सकाळी, चहाच्याही आधी हजर असतो. एक छोटी बाटली, तीत बारीक गोळ्या. कुणी विचारलं की उत्तर मिळतं, "मला थायरॉईड आहे." आता बघा, थायरॉईड तर सगळ्यांनाच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखरासारखी दिसणारी ही ग्रंथी. पण बोलता बोलता ग्रंथीचं नाव हेच आजाराचं नाव होऊन बसलं.

ज्यांना हे निदान नुकतंच झालंय, त्यांच्या कानावर आणखी दोन शब्द पडतात: 'हाशिमोटो' आणि 'ऑटोइम्यून'. दुसऱ्याचा अर्थ सांगताना म्हटलं जातं, तुमची प्रतिकारशक्ती तुमच्याच ग्रंथीवर उलटली आहे. हे ऐकून माणूस हादरतो. मग दोन प्रश्न रात्री झोपू देत नाहीत. माझं काय चुकलं? आणि ही गोळी आता जन्मभर का?

आम्ही डॉक्टर नाही. औषध किती, कधी, हे तुमचे डॉक्टरच सांगतील. पण या दोन्ही प्रश्नांना इतिहासाकडे चांगली उत्तरं आहेत. या आजाराच्या इतिहासात क्रम उलटा आहे. औषध सापडलं १८९१ मध्ये आणि कारण कळलं १९५६ मध्ये. म्हणजे तब्बल पासष्ट वर्षं लोक कारण ठाऊक नसताना बरे राहत होते.

सुरुवात लंडनपासून करू. १८७३ मध्ये सर विल्यम गल यांनी काही प्रौढ स्त्रियांचं वर्णन केलं. चेहरा सुजल्यासारखा, बोलणं संथ, हालचाली मंद, मन सुस्तावलेलं. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला 'मिक्सिडीमा' असं नाव दिलं. १८८८ मध्ये लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने नेमलेल्या समितीचा मोठा अहवाल आला. त्यात शंभरहून अधिक रुग्णांची माहिती होती आणि त्यात स्त्रियांची संख्या फार मोठी होती. आज निदान झालेली बाई जे सांगते, थंडी सोसत नाही, अंग जड झालंय, काही लक्षात राहत नाही, तेच त्या अहवालात आहे. म्हणजे "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं जिला आज घरात ऐकावं लागतं, तिच्या बाजूने सव्वाशे वर्षांपूर्वीचा पुरावा उभा आहे!

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निराळ्या वाटेने तोच धडा मिळत होता. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात होते. काही रुग्णांची त्यांनी पूर्ण ग्रंथीच काढून टाकली होती. पुढे त्यांना पुन्हा बोलावून तपासलं, तेव्हा दिसलं की यातले बरेच जण सुजलेले, मंद आणि थकलेले आहेत. कोखरांनी ही गोष्ट झाकून ठेवली नाही. १८८३ मध्ये त्यांनी ती सर्वांसमोर मांडली आणि संपूर्ण ग्रंथी काढणं टाळायला सुरुवात केली. १९०९ चं नोबेल पारितोषिक त्यांना याच ग्रंथीवरच्या कामासाठी मिळालं. या सगळ्यातून एक गोष्ट पक्की झाली: ग्रंथी गेली किंवा निकामी झाली की हा आजार होतो.

आता येतो १८९१ साली न्यूकॅसलला. जॉर्ज मरे हे तिथले जेमतेम पंचविशीतले डॉक्टर. त्यांनी साधा विचार केला. ग्रंथीतून जे मिळायचं ते मिळत नसेल, तर बाहेरून द्यावं. मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून तो टोचण्याची कल्पना त्यांनी वैद्यकीय सभेत मांडली, तेव्हा तिची टरही उडवली गेली. तरी त्यांनी मिक्सिडीमा झालेल्या ४६ वर्षांच्या एका स्त्रीवर उपचार सुरू केले. काही महिन्यांत सूज उतरली, बोलणं सुधारलं, ती पुन्हा चालू-फिरू लागली. पुढच्याच वर्षी इतर डॉक्टरांनी दाखवून दिलं की सुईची गरज नाही, पोटातून दिलं तरी चालतं.

ती स्त्री पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. १९१९ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, ती हृदयविकाराने गेली. दुसऱ्या वर्षी मरे यांनी तिची सगळी हकीगत प्रसिद्ध केली. तिच्या औषधासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या होत्या, असा हिशेबही त्यात आहे.

"जन्मभर गोळी" हे शब्द जड वाटतात तेव्हा या बाईची आठवण ठेवा. औषध सुरू झालं तेव्हा तिची अवस्था वाईट होती. त्या औषधाने तिला अठ्ठावीस वर्षं दिली. औषध थांबवलं असतं तर आजार परत आला असता, कारण ते ग्रंथीला दुरुस्त करत नव्हतं, तिची जागा भरून काढत होतं. आज आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. टीएसएच नॉर्मल आला की लोक म्हणतात, "चला, बरं झालं," आणि गोळी सोडतात. अहो, तो आकडा गोळीमुळे नॉर्मल आलेला असतो!

मेंढीच्या अर्कापासून गोळीपर्यंतचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी ग्रंथीतलं शुद्ध द्रव्य वेगळं केलं. तेच थायरॉक्सिन. १९२७ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन आणि जॉर्ज बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखवलं. आजची गोळी त्याच रेणूची आहे. आपली ग्रंथी जे बनवते तेच. म्हणून "परकं काहीतरी अंगात जातंय" ही भीती बाळगण्याचं कारण नाही. पथ्यं मात्र आहेत. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास थांबायचं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चारेक तास लांब ठेवायच्या. हे द्रव्य शरीरातून फार हळू कमी होतं, अर्धं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा तपासणी करतात. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही म्हणून निराश होऊ नका.

मग हाशिमोटो कोण? हाकारू हाशिमोटो हे जपानमधल्या फुकुओकाचे तरुण शल्यविशारद. चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. चौघीही चाळिशीच्या किंवा त्यापुढच्या. ग्रंथीत लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी, दाटीवाटीने भरलेल्या. हे आजवर माहीत असलेल्यापेक्षा वेगळं आहे, असं त्यांनी १९१२ मध्ये एका जर्मन नियतकालिकात लिहिलं. पुढे ते जर्मनीत शिकायला गेले, पण पहिलं महायुद्ध सुरू झाल्याने परतावं लागलं. मग गावी जाऊन त्यांनी दवाखाना चालवला. १९३४ मध्ये विषमज्वराने त्यांचं निधन झालं. वय अवघं बावन्न. आपल्या नावाचा आजार घरोघरी पोचेल, हे त्यांना कळलंच नाही. त्या पांढऱ्या पेशी तिथे का जमतात, हेही कळलं नाही.

ते कळायला उशीर का झाला? तर एका मोठ्या माणसाच्या मोठ्या शब्दामुळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख यांनी मांडलं होतं की शरीर स्वतःवर हल्ला करायला जणू बिचकतं. पुढच्या पिढीने याचा अर्थ 'असं होऊच शकत नाही' असा घेतला. अमेरिकेत बफेलोला अर्न्स्ट विटेब्स्की हे याच विचाराचे पक्के पुरस्कर्ते. त्यांच्याच प्रयोगशाळेत नोएल रोझ या तरुणाने सशाच्या ग्रंथीचा काही भाग काढला आणि त्याचा अर्क त्याच सशाला टोचला. सशाच्या रक्तात स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्या आणि उरलेल्या ग्रंथीला सूज आली. विटेब्स्कींचा विश्वास बसेना. प्रयोग पुन्हा पुन्हा करायला लावले. शेवटी १९५६ मध्ये त्यांनी स्वतःच्या मताविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष रोझबरोबर प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि पीटर कॅम्पबेल यांनी हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तातच अशा अँटीबॉडी दाखवल्या. या डोनियाकबाईंचा जन्म १९१२ चा, म्हणजे हाशिमोटोंचा लेख आला त्याच वर्षीचा. आज तुमच्या रिपोर्टवर जो अँटीबॉडीचा आकडा असतो, त्याची मुळं इथे आहेत.

१९५६ मध्येच आपल्याकडे कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा अभ्यास सुरू केला. त्यातून १९६२ चा राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. तो आजार आयोडीन कमी पडल्याचा, हा प्रतिकारशक्तीचा. दोन्हींत गळा सुजू शकतो, म्हणून शेजारपाजारचे "मीठ बदल, आयोडीन वाढव" असं सांगतात. हाशिमोटोवर हा उपाय नाही. डॉक्टरांना न विचारता जादा आयोडीन घेतलं तर उलट त्रासही होऊ शकतो.

आता आपले दोन प्रश्न. माझं काय चुकलं? ज्या गोष्टीवर एर्लिखचे वारसदार पन्नास वर्षं विश्वास ठेवायला तयार नव्हते, ती तुमच्या जागरणाने, खाण्याने किंवा स्वभावाने ओढवली, असा ठपका स्वतःवर ठेवू नका. याला घराण्याचा कल असतो, बायकांमध्ये हा कितीतरी जास्त दिसतो, पण तो कुणाच्या पापाचं फळ नाही. आणि गोळी जन्मभर का? ग्रंथीचं काम कमी पडल्यावर ते कुणीतरी करायला हवं म्हणून. अँटीबॉडी आहेत पण ग्रंथी अजून नीट चालते, अशांना लगेच गोळी लागतेच असंही नाही. तिथे नुसती वेळोवेळी तपासणी पुरते. गर्भारपणात मात्र डोस वाढवावा लागतो, तेव्हा दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांना सांगा.

घरातल्यांसाठीही एक सांगायचंय. १८८८ च्या त्या समितीने शंभरहून अधिक माणसांच्या तक्रारी बसून, नीट लिहून घेतल्या, तेव्हा कुणाकडेच औषध नव्हतं. औषध आलं ते त्या ऐकून घेण्यानंतर. तुमच्या घरात कुणी "मला आतून थकवा आलाय" म्हणत असेल, तर आधी तिला बसवा आणि तिचं ऐकून घ्या. रक्ततपासणी उद्या सकाळी करता येईल.

आज इथे थांबू.