‘ह’च्या घरात ‘प’

जपानी कोशात शब्द कसा हुडकावा हे शिकण्यासाठी मी त्यांच्या मुळाक्षरांचा तक्ता पुढे ओढला आणि अ, इ, उ, ए, ओ हे स्वर ओलांडून क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळींशी पोचताच, आपल्याच माजघरातील तपेली परक्याच्या ओसरीवर दिसावी तसा चमकलो.

जपानच्या जुन्या हेइआन दरबाराची हकीकत सर्वश्रुतच आहे: चिनी अक्षरे ही पुरुषांच्या दप्तराची मिरास, तीच झिजून झालेली ‘काना’ म्हणजे ‘स्त्रीहस्त’, आणि त्या स्त्रीहस्तात मुरासाकी शिकिबूने अकराव्या शतकारंभी ‘गेंजी’ची कथा लिहिली. अक्षरे चीनची खरी. परंतु हा क्रम कोणाचा? मी म्हणतो, संस्कृतचा.

804 साली चीनला गेलेला कूकाई हा भिक्षू तेथे प्रज्ञनामक पंडितापाशी संस्कृत शिकून परतला, आणि मंत्रोच्चार बिघडू नयेत म्हणून मठामठांतून संस्कृतची सिद्धम् लिपीतील वर्णमाला घोकली जाऊ लागली. यावर कोणी हरकत घेईल की, ‘क’नंतर तालव्य ‘च’ हवा तेथे ‘स’, आणि ओष्ठ्य ‘प’च्या जागी ‘ह’, ही कसली वर्णमाला? माझ्या मते तेथेच खरी साक्ष आहे. जपानी ‘ह’ प्राचीन काळी ‘प’ होता, आणि ‘स’ही बहुधा ‘च’च्या शेजारचा, तो निव्वळ ऊष्म असता तर आपल्या श-ष-सांप्रमाणे ‘व’च्या पलीकडे जाऊन बसता.

प्रतिपक्षाचा दस्तऐवजही हलका नाही. मयूरसूत्र या बौद्ध ग्रंथावरील अकराव्या शतकारंभीच्या टिपणातील सर्वांत जुन्या तक्त्यात स्वर इ, ओ, अ, ए, उ असे विस्कटलेले असून दोन ओळी गायबच आहेत. म्हणून हा तक्ता एका अक्षराचा आरंभ दुसऱ्याच्या शेवटाशी सांधून उच्चार सांगण्याच्या चिनी रीतीतून निघाला, असे काही पंडित मानतात. चौकटीची गरज चिनी असेल, हे मी कबूल करतो; पण विस्कटलेले स्वर मार्गी लावले ते सिद्धम्‌च्याच अभ्यासकांनी, आणि 1093 साली म्योगाकू भिक्षूच्या ग्रंथात ते अ-इ-उ-ए-ओ असे शहाण्यासारखे उभे आहेत.

तथापि शब्द लावण्याची वहिवाट पुढे कित्येक शतके चालली ती 47 अक्षरे एकेकदाच येणाऱ्या ‘इरोहा’ पद्याच्या क्रमाची. ते कूकाईच्या नावावर मांडतात; परंतु त्याच्या काळी ‘ए’ आणि ‘ये’ निराळे होते, आणि पद्याला तो भेद ठाऊक नाही, तेव्हा हे पितृत्व मला तरी बनावट वाटते. वरील तक्त्याचा, म्हणजे ‘पन्नास ध्वनीं’चा, क्रम घेऊन ओत्सुकी फुमिहिकोचा ‘गेंकाई’ कोश निघाला तो थेट 1889 ते 1891 मध्ये.

तेव्हा जपानी कोश उघडणाऱ्या वाचकाने ‘ह’ अखेरच्या पानांत शोधू नये. ‘न’ आणि ‘म’ यांच्या मध्ये, ‘प’च्या घरात पाहावा.