तुर्मालेचा घाट आणि चाकावरचा माणूस

फ्रान्स आणि स्पेन यांच्या मधोमध पिरनीज पर्वताची भिंत उभी आहे. या भिंतीच्या फ्रेंच उतारावर उन्हाळ्याचे, म्हणजे ऊन पाण्याचे, झरे पुष्कळ. आणि झरे तेथे रोगी, हा न्याय युरोपातही लागू आहे. बारेज, कोतरे, सँ-सोव्हर, लुशाँ, ओ-बोन अशी स्नानाची गावे एकेका दरीत वसलेली. परंतु एका दरीतून दुसरीत जावयाचे तर मधली डोंगराची धार ओलांडावी लागे. १६७५ साली चौदाव्या लुईच्या अधू पायाच्या मुलाला घेऊन मादाम द मँतनाँ बारेजच्या झऱ्यांवर गेली, तेव्हा खालची वाट बिकट म्हणून तुर्मालेच्या खिंडीतून पालखीने गेली, असे सांगतात. त्यानंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ ही खिंड मेंढपाळांची आणि खेचरांचीच राहिली.

तिसऱ्या नेपोलियनने १८५९ साली सम्राज्ञी युजेनीसह सँ-सोव्हर येथे मुक्काम केला आणि या स्नानाच्या गावांना जोडणाऱ्या रस्त्याच्या कामाला राजाश्रय मिळाला. १८६४ साली तुर्मालेवरून घोडागाडी जाऊ लागली. खिंडीची उंची २,११५ मीटर. आपल्याकडील कळसूबाईच्या शिखरावर आणखी सुमारे ४७० मीटर चढावे, तेव्हा ही ‘खिंड’ येते! वर्षातील कितीतरी महिने ती बर्फाखाली गाडलेली असते. रोग्यांच्या सोयीसाठी बांधलेल्या या रस्त्यावर पुढे धडधाकट माणसे अर्धमेली होऊन पडावयाची होती, याची कल्पना त्या अभियंत्यांना कोठून असणार?

सायकल तेथे प्रथम नेली ती हौशी प्रवाशांनी. त्या काळच्या बहुतेक सायकलींना एकच गती असे. सपाटीवर ती पुरे. चढावर मात्र पायांतले बळ संपले की उतरून सायकल ढकलणे एवढाच उपाय. यावर सँत-एत्येन गावच्या पॉल द विवी या गृहस्थाने ध्यासच घेतला होता. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने तो लिहीत असे, आणि चेन एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकवून गती बदलण्याच्या युक्तीचा त्याने आयुष्यभर पुरस्कार केला. १९०२ साली फ्रान्सच्या पर्यटन संस्थेने प्रवासी सायकलींची एक परीक्षा तुर्मालेवरच घेतली. तीत मार्त एस नावाच्या स्त्रीने तीन गतींच्या सायकलीवर, वाटेत पाय न टेकता, सारी चढण पार केल्याचा वृत्तांत आहे. प्रश्न येथेच सुटला, असे कोणालाही वाटावे.

परंतु आंरी देग्राँज याला तसे वाटले नाही. हा स्वतः एके काळचा नाणावलेला सायकलपटू, आणि पॅरिसच्या ‘ऑटो’ या क्रीडा-दैनिकाचा संपादक. गती बदलण्याची सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. तरुणाने विजय मिळवावा तो स्नायूंच्या बळावर, कळीच्या करामतीवर नव्हे, असे त्याचे मत होते, आणि ते त्याने छापूनही टाकले. एखाद्या संपादकाचे मत म्हणून ते सोडून देता आले असते. पण १९०३ साली याच देग्राँजने वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून ‘तूर द फ्राँस’, म्हणजे फ्रान्सची प्रदक्षिणा, ही स्पर्धा सुरू केली; आणि संपादकाचे मत हा स्पर्धेचा कायदा झाला.

पहिली काही वर्षे ही प्रदक्षिणा उंच पर्वत टाळूनच होई. १९०५ मध्ये बालाँ द’अल्सासचा चढ आला, तो अकराशे-बाराशे मीटरांचा. पिरनीजची कल्पना काढली ती आल्फाँस स्तेनेस या देग्राँजच्या सहकाऱ्याने. १९१० च्या स्पर्धेपूर्वी, बर्फ पुरते वितळण्याआधीच, तो तुर्मालेची पाहणी करावयास निघाला. माथा काही किलोमीटरांवर असताना मोटार बर्फात अडकली. हा गृहस्थ अंधारात पायी पुढे निघाला, वाट चुकला, घसरून पडला, आणि गारठलेल्या अवस्थेत पहाटे तीनच्या सुमारास बारेजला पोहोचला. सकाळ होताच त्याने पॅरिसला तार ठोकली : तुर्माले ओलांडला, रस्ता उत्तम, जाण्याजोगा. वृत्तपत्रांच्या इतिहासात इतक्या शांतपणे केलेली अतिशयोक्ती फार थोडी सापडेल.

तारेवर विश्वास ठेवून मार्ग ठरला. २१ जुलै १९१० रोजी, पहाटे साडेतीन वाजता, लुशाँहून स्वार निघाले. मुक्काम बायोन, अंतर ३२६ किलोमीटर. आणि वाटेत पेरसूर्द, आस्पाँ, तुर्माले, ओबिस्क या चार मोठ्या खिंडी. रस्ता म्हणजे खडी, चिखल आणि गाडीच्या चाकोऱ्या. सायकली जड पोलादी. काहींच्या मागच्या चाकाला दोन बाजूंनी दोन दंतचक्रे असत, म्हणजे चढ आला की उतरावे, चाक सोडवावे, उलटे करून बसवावे, पुन्हा स्वार व्हावे. खांद्याभोवती जादा टायरांची वेटोळी. माथ्यांवर अस्वले असल्याच्या वार्ता पसरल्या होत्या, त्या वेगळ्याच.

तुर्मालेचा माथा प्रथम गाठला तो ऑक्ताव्ह लापीझने, पण चढणीचा काही भाग सायकल ढकलत. त्याच्या मागून आलेला गुस्ताव्ह गारिगू मात्र एकदाही न उतरता वर आला, आणि त्याला शंभर फ्रँकांचे बक्षीस मिळाले. पुढे ओबिस्कच्या माथ्यावर स्तेनेस आणि व्यवस्थापक व्हिक्टर ब्रेयर वाट पाहत उभे होते. स्वारांचा पत्ता नाही. अखेर एक अनोळखी, धुळीने माखलेला माणूस वर आला. तो लाफुर्काद, त्याच प्रांतातला एक स्वार. त्याला प्रश्न विचारले. तो एक अक्षर न बोलता निघून गेला. सुमारे पाव तासाने लापीझ आला, तो सायकल हाती धरून, पायी. अधिकाऱ्यांकडे वळून तो ओरडला : ‘मारेकरी!’

हा उद्गार फ्रेंच क्रीडा-इतिहासात अजरामर झाला आहे. पण तो उद्देशून कोणाला होता हे पाहिले पाहिजे. त्याने पर्वताला शिवी दिली नाही. तुर्माले आठ वर्षांपूर्वी मार्त एसने पायही न टेकता ओलांडला होता. लापीझचे पाय जमिनीवर आणले ते डोंगराने जितके, तितकेच नियमांनी. आणि नियमांचा कर्ता तेथे नव्हता! प्रकृतीचे कारण सांगून देग्राँज पिरनीजच्या पहिल्या टप्प्यानंतर परतला होता. लापीझने तो टप्पा चौदा तास दहा मिनिटांत जिंकला. पुढे चार गुणांच्या फरकाने फ्राँस्वा फाबेरला मागे टाकून त्याने सारी स्पर्धाही जिंकली. निघाले होते ११०, पॅरिसला पोहोचले ४१.

देग्राँजने यावरून एकच धडा घेतला : पर्वत लोकांना आवडतो. पुढच्याच वर्षी आल्प्समधील गालिब्ये हा त्याहूनही उंच घाट मार्गात आला. नियम तसेच राहिले.

ते किती कठोर होते, हे १९१३ साली युजेन क्रिस्तोफच्या वाट्याला आले. त्या वर्षी मार्ग उलटा, बायोनहून लुशाँकडे होता. आघाडीवरचा देफ्रे त्या दिवशी बाहेर पडलेला. क्रिस्तोफला विजयाची आशा होती. तुर्माले उतरत असता त्याच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. दुसरी सायकल घेणे निषिद्ध. दुरुस्तीत परक्याची मदतही निषिद्ध. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक पायी उतरला, आणि सँत-मारी-द-काँपाँ या गावी लोहाराच्या भट्टीशी आला. सुदैवाने मूळ धंदा कुलूपकामाचा, म्हणून लोखंड हाताळण्याची सवय होती. लोहाराने तोंडाने सांगावे, हात लावू नये. आणि परीक्षक दाराशी उभे राहून पाहत होते. एक परीक्षक भुकेने कासावीस होऊन जेवावयास जाऊ का म्हणाला, तेव्हा भूक लागली असेल तर कोळसे खा, असे आपण त्याला सुनावल्याचे क्रिस्तोफ पुढे सांगत असे. एका हाती चिमटा, दुसऱ्या हाती हातोडा, मग भाता कोणी ओढावा? एका मुलाने ओढला. एवढ्या मदतीबद्दल क्रिस्तोफला दहा मिनिटांचा दंड झाला, पुढे तो तीन मिनिटांवर आणण्यात आला. आधीच जवळजवळ चार तास गेलेल्या माणसाला ही सात मिनिटांची सूट! स्पर्धा फिलिप थिसने जिंकली. क्रिस्तोफ सातवा आला, आणि ही प्रदक्षिणा त्याला कधीच जिंकता आली नाही.

पहिल्या महायुद्धाने या पिढीतील कित्येक माणसे नेली. फाबेर १९१५ साली रणांगणावर पडला. लापीझ वैमानिक झाला होता, तो १४ जुलै १९१७ रोजी आकाशातील लढाईत मारला गेला. व्हेलोसिओ १९३० साली वारला. आपल्या युक्तीला या स्पर्धेत प्रवेश मिळालेला त्याला पाहावयास मिळाला नाही. देग्राँज आजारपणामुळे १९३६ मध्ये बाजूला झाला, सूत्रे जाक गोदे याच्याकडे गेली, आणि १९३७ साली गती बदलणारी सायकल स्पर्धेत अधिकृतपणे धावू लागली. मार्त एसच्या चढाईला तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती.

आज तुर्मालेचा रस्ता गुळगुळीत डांबरी आहे. उन्हाळ्यात देशोदेशीचे हौशी स्वार, अनेक दंतचक्रांच्या हलक्या सायकलींवरून, तो चढतात. त्यांत पंचेचाळिशी उलटलेले पुष्कळ असतात. माथ्यावर लापीझच्या आठवणीसाठी १९९९ साली एक धातूचा पुतळा बसविला आहे : सायकलवर उभा राहून धापा टाकणारा, तोंड उघडे असलेला स्वार. बर्फ पडू लागण्यापूर्वी दर शरदात तो खाली नेतात, आणि जून महिन्यात गाडीवर घालून पुन्हा वर आणतात. त्या दिवशी त्याच्या मागून सायकलस्वारांची रांग घाट चढत असते.